म्हशीच्या पसंतीचा सायलेन्सर

सायलेन्सरचं काम निघालं की मला अजून आप्पांची आठवण येते, आणि आठवणीबरोबर रागही येतो. आप्पा जाऊन वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाबद्दल वाकडं बोलू नये, असं माझी बायको मला सांगते. पण माझ्या बायकोकडून आप्पांनी कधी सायलेन्सर बसवून घेतला नव्हता.

उद्यमनगरात माझं वर्कशॉप आहे. गाडीच्या इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या, म्हणजे इंजिनाला चिकटलेल्या मॅनिफोल्डपासून मागच्या सायलेन्सरपर्यंत सगळं, मी बदलून देतो. धुराची वाट नीट केली की इंजिन मोकळा श्वास घेतं आणि त्याच गाडीत जास्त ताकद येते. रॅलीत गाड्या पळवणारे येतात, हौशी डॉक्टर येतात, साखर कारखान्यातले साहेब येतात. हे सगळे मी सांगितलेलं ऐकतात आणि गप घरी जातात. आप्पा यांतले नव्हते. आप्पा गवळी होते.

पेठेत त्यांचा गोठा होता. सकाळ-संध्याकाळ म्हैस कट्ट्यावर उभी करायची, गिऱ्हाइकासमोर धार काढायची, आणि फेसाचा ग्लास तिथंच त्याच्या तोंडाला लावायचा, हा त्यांचा धंदा. उंच, वाळका माणूस. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा शर्ट नि लेंगा, आणि दोन्हीला दुधाचा वास. माणसांशी कोल्हापुरी मराठीत बोलायचे, म्हशींशी कानडीत. म्हशींना मराठी कळतं, पण त्या ऐकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतः आप्पा कुठल्याच भाषेत कुणाचं ऐकत नव्हते.

ते पहिल्यांदा आले ते जुनी पांढरी मोटार घेऊन. चार सिलेंडरचं बारकं इंजिन, मागच्या डिकीत दुधाच्या किटल्या. हातात काठी, कारण कंबरेचा सांधा नुकताच बदलून झाला होता. बसायला खुर्ची दिली तर बसले नाहीत. गाडीभोवती एक चक्कर मारून बुटाच्या टोकानं प्रत्येक टायर दाबून बघितला, जणू गाडी माझी आहे आणि ते विकत घ्यायला आलेत. मग म्हणाले, गाडीला पिकअप न्हाय, मागं मोठी नळी टाक.

आता इथं एक गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगून टाकतो. मला ती फार उशिरा कळली आणि तोवर माझं डोकं पुरतं फिरलं होतं. तुमचं फिरायला नको.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरातले गवळी म्हशी पळवतात. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. म्हशीची शिंगं रंगवतात, त्यांना मोरपिसं बांधतात, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात चाळ. मग मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल भर रस्त्यातनं फटफटत नेतो आणि म्हैस त्या आवाजाच्या मागनं पळत सुटते. दोरी नाही, काठी नाही. ज्याची म्हैस मागनं येते तो खरा मालक. आप्पांची हरणी नावाची म्हैस तिच्या तरुणपणापासून त्यांच्या मागनं अशी पळत होती, आणि तिच्यावर पेठेत त्यांची मान ताठ होती. पण सांधा बदलल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, मोटारसायकलवर टांग टाकायची नाही. चालवायची नाही आणि मागं बसायचंही नाही.

त्यात घरात वेगळाच विषय निघालेला. आप्पांची बायको, गौराक्का, एकटीच शेणघाण काढत होती. तिचा खांदा गेलेला. तिनं ठरवलं, म्हशी कुरुंदवाडच्या पुतण्याकडे द्यायच्या, त्याचा गोठा मोठा आहे. बाकीच्या म्हशींना आप्पा हो म्हणाले. हरणीला नाही म्हणाले. घरात आठवडाभर अबोला झाला आणि शेवटी गौराक्कानं अट घातली. पाडव्याला हरणी तुमच्या मागनं आली तर ती आपल्या दारात ऱ्हाईल, तिचं मी मरेपर्यंत करीन. न्हाय आली, तर पुतण्या मोटारसायकल घेऊन उभा असंल, त्याच्या मागनं जाऊ दे.

म्हणजे आप्पांना पिकअप-बिकअप काही नको होता. त्यांना मोटारीच्या मागनं म्हैस पळवायची होती आणि त्यासाठी मोटारीतनं मोटारसायकलचा आवाज काढायचा होता. हे एवढं वाक्य त्यांनी पहिल्या दिवशी बोललं असतं, तर माझा पावसाळा सुखात गेला असता. पण नाही. म्हशीसाठी मोटारीचा सायलेन्सर करायचाय म्हटलं तर मी हसेन, अशी त्यांना भीती. हसलो असतोच म्हणा. पण काम तरी नीट केलं असतं.

तर त्यांनी मोठी नळी मागितली. मी त्यांना समजावलं. आप्पा, बारक्या इंजिनाला जाड नळी घातली की धुराचा वेग पडतो. वरच्या स्पीडला गाडी पळेल, पण खालच्या गियरला ओढच राहणार नाही. तुमच्या डिकीत किटल्या, जोतिबाच्या डोंगरावर तुमचा पेढेवाल्यांचा रतीब, तुम्हाला ओढ खालीच पाहिजे. मी मापात नळी टाकतो, आतली वळणं सैल करतो, गाडी तुम्हाला वेगळी लागेल. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मान डोलवली. मग म्हणाले, "ते बराबर हाय की. पर नळी मोठी टाक."

हे त्यांचं वाक्य मला आयुष्यभर पुरलं. तुम्ही तासभर घसा कोरडा करा, ते बराबर हाय की, आणि पुढं त्यांचं तेच. वाद घालणाऱ्या माणसाला हरवता येतं. आप्पा वाद घालतच नव्हते. तुमचं सगळं मान्य करायचे आणि जागचे हलायचे नाहीत.

मी मापातली नळी टाकली. गाडी इतकी सुरेख झाली की माझं मलाच बरं वाटलं. आप्पांनी ती चालवून आणली, उतरले, डोळे मिटून सायलेन्सरजवळ कान नेला आणि म्हणाले, हरणीला इचारून सांगतो. मला वाटलं ही त्यांची बोलायची पद्धत. प्रत्येक गोष्टीत ते असंच म्हणायचे. मतदान कुणाला करणार, हरणीला इचारून सांगतो. चहा घेणार का, हरणीला इचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, पसंत न्हाय.

मग शेवटी वैतागून मी टाकली मोठी नळी. म्हटलं घ्या. मोटार बसच्या आवाजात बोलायला लागली. आणि दोनच दिवसांनी गौराक्काच्या मोबाईलवरनं फोन आला, गाडी जोतिबाच्या चढाला बसली म्हणून. मी काम टाकून गेलो. बघतो तर गाडी वळणावर आडवी, मागं गाड्यांची रांग, आणि आमचे आप्पा रस्त्याच्या कडेला दगडावर बसून किटलीतलं दूध डोंगर चढणाऱ्या भक्तांना वाटतायत. नासण्यापेक्षा देवाच्या माणसांच्या पोटात जाऊ दे म्हणाले. मी तोंडातनं शब्द काढायच्या आत त्यांनी मलाही एक ग्लास दिला. तो पिऊन होईपर्यंत बोलता येईना, हीसुद्धा त्यांची युक्तीच. प्यायल्यावर मी म्हटलं, सांगितलं होतं की नाही ओढ जाईल म्हणून? तर म्हणतात, सांगितलं हुतंस की. पर आवाज अजून बारीक वाटतोय.

मी तिथं, जोतिबाच्या डोंगरावर, दोन्ही हात जोडले. देवाला नव्हे, आप्पांना.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मोबाईलवर कसला तरी आवाज भरून आणला. गोठ्यात ताडपत्रीखाली झाकलेली त्यांची जुनी मोटारसायकल कुणाकडनं तरी चालू करून घेतली होती. तो आवाज माझ्या कानाला लावला आणि म्हणाले, असा पायजे. मी म्हटलं, आप्पा, ही एका सिलेंडरची मोटारसायकल. एक ठोका, मग जागा, मग एक ठोका. तुमच्या मोटारीला चार सिलेंडर. चारही एकापाठोपाठ बोलतात, मध्ये जागाच सुटत नाही. असा आवाज येणार नाही. आणि का यावा? ते बराबर हाय की, म्हणाले, आणि पुन्हा मोबाईल माझ्या कानाला लावला.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते आठवलं की अजून माझ्या कपाळाला आठ्या पडतात. भर दुपारी ते हरणीला घेऊन वर्कशॉपमध्ये आले. पेठेतनं उद्यमनगरात, एवढ्या रहदारीतनं, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात दावं. माझ्या लिफ्टवर एका साहेबांची नवीकोरी गाडी चढवलेली, साहेब शेजारी उभे. हरणी आत आली, साहेबांच्या बुटांपासून हातभर अंतरावर शेण टाकलं आणि शांतपणे उभी राहिली. आप्पा मला म्हणाले, तुझ्याकडं पडलेली माझी गाडी चालू कर, हिला ऐकव. साहेब माझ्याकडे बघतायत, मी आप्पांकडे, आप्पा म्हशीच्या कानाकडे.

काय करणार, केली चालू. रेस दिली. हरणी ढिम्म हलली नाही. आप्पा तिच्या कानाशी कानडीत काहीतरी पुटपुटले, तरी नाही. तेवढ्यात रस्त्यावरनं कुणीतरी एक जुनी मोटारसायकल फटफटत नेली. हरणीचे कान एकदम उभे राहिले. दाव्याला असा हिसका दिला की आप्पांच्या हातातनं ते सुटलं, आणि हरणी त्या अनोळखी मोटारसायकलमागं पळत कोपऱ्यापर्यंत गेली. आप्पा काठी टेकत तिच्यामागं. "बा, हरणी, बा," ये म्हणून कानडीत हाका मारत. ती थांबली ती मोटारसायकल दिसेनाशी झाल्यावर. आप्पांच्या हाकेनं नाही.

मी पळत गेलो तेव्हा ते विजेच्या खांबाला टेकून उभे होते. चेहरा पांढराफटक. मी शिव्या घालायच्या तयारीनं गेलो होतो, पण ते बघून आधी हरणीचं दावं धरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत स्वतःशीच म्हणाले, "कुनाच्या बी मागनं जातीया की ही."

त्यांना शोधत गौराक्का आली ती त्यानंतर. वर्कशॉपच्या दारात उभी राहून तिनं मला सगळं सांगितलं, अटीसकट. मघाशी मी तुम्हाला सांगितलं ते सगळं. सांगताना तिचा आवाज चढलेला होता, पण डोळे आप्पांच्या काठीवर होते. मी काय दगड न्हवं, म्हणाली. पर उद्या हे गोठ्यात पडले तर उचलायचं कुनी? माझ्या खांद्यानं? तिचं चूक काय होतं सांगा. काहीच नव्हतं. आणि म्हणूनच मला आप्पांचा जास्त राग आला. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून हा माणूस मला नळीची मापं सांगत बसला होता.

त्या रागातच मी काम हातात घेतलं. चार सिलेंडरना चार नळ्या असतात, पुढं त्या एकात मिळतात. मी त्यातली एक तोडून वेगळी केली आणि थेट मागं नेली, मध्ये सायलेन्सर नाही. उरलेल्या तीन नळ्या मापातल्या एका नळीत एकत्र आणून चांगल्या सायलेन्सरमधनं सोडल्या. म्हणजे तीन सिलेंडर दबक्या आवाजात गाडी ओढणार आणि चौथा एकटा फटफटणार. ओढही राहिली. उघड्या नळीतनं एक फाटा सायलेन्सरकडं काढून झडप बसवली, रोजच्या वापराला ती बंद, धूर बाकीच्यांबरोबर सायलेन्सरमधनं. ती फक्त पाडव्याला उघडायची, असं मी आप्पांना शपथ घालून सांगितलं. ते बराबर हाय की, म्हणाले, आणि वर्कशॉपमधनं बाहेर पडल्या पडल्या उघडली. पहिल्याच चौकात पोलिसानं अडवलं. तो बिचारा कान देऊन म्हणाला, आजोबा, तीन सिलेंडर बंद पडलेत वाटतं, गॅरेजला दाखवा. आप्पा लगेच वळून परत आले, मला ही गोष्ट सांगायला. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. पोलीस फसला म्हंजे म्हस फसंल, असा त्यांचा हिशेब.

पाडव्याला मी त्यांच्या गल्लीत गेलो. जायची गरज नव्हती, पण काम माझं होतं. हरणी नटून उभी होती. शिंगं हिरवी-गुलाबी, त्यांना मोरपिसं, पायात चाळ, अंगावर तेल चोपडलेलं. म्हातारी झालेली कळत होतं, पण उभी ताठ. एका बाजूला पुतण्या मोटारसायकलवर, पाय टेकून. भला माणूस. खाली मान घालून बसला होता. गल्लीतले लोक ओट्यांवर. अट सगळ्यांना माहीत झालेली.

आप्पा मोटारीत बसले, गाडी चालू केली, झडप उघडली. फट, फट, फट. मी शपथेवर सांगतो, डोळे मिटले असते तर मोटारसायकलच वाटली असती. हरणीचे कान उभे राहिले. गौराक्कानं दावं सोडलं. गाडी पुढं निघाली आणि हरणी मागनं निघाली. लोक ओरडले.

आणि थोडं पुढं जाऊन हरणी थांबली. मोटारीच्या डिकीला नाक लावलं, हुंगलं. मग मान वर करून इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आप्पांनी गाडी थांबवून खिडकीतनं हाळी दिली, पण कंबर वळेना, तोंड समोरच राहिलं. हरणी जागची हलेना. ओट्यावरनं कुणीतरी हसलं. पुतण्यानं मोटारसायकलच्या किकवर पाय ठेवला, पण मारली नाही, गौराक्काकडे बघत राहिला.

गौराक्का रस्त्यात आली. कंबरेला पदर खोचला आणि खिडकीशी जाऊन म्हणाली, "आवाज वळकला तिनं. मानूस कुटं हाय ते हुडकालीया. तुमी त्या डब्यात बसून ऱ्हायलाय. भाईर या."

अट घालणारीच ती. गप्प उभी राहिली असती तर तिचं काम झालं होतं.

आप्पा उतरले. मोटारसायकलवर बसता येत नाही, मोटारीत बसून म्हशीला दिसत नाही. त्यांना काय करायचं कळेना. डिकी मी उघडली. किटल्यांच्या जागेवर पोतं टाकलं आणि त्यांना उचलून तिथं बसवलं, तोंड मागं, पाय बाहेर. दुसरीकडं तोंड करून कंबर बसूच देत नव्हती. आणि मग त्यांनी मला हुकूम सोडला, आता तू चालव. म्हणजे शेवटी मीच. सायलेन्सरही मी करायचा आणि म्हशीच्या पुढं गाडीही मी चालवायची, सगळ्या गल्लीसमोर.

पहिला गियर टाकला. फट, फट, फट. आरशात मला आप्पांची पाठ दिसत होती आणि तिच्यावर हरणीची रंगवलेली शिंगं. शिंगं आधी लांब राहिली. मग हलली. मग चाळ वाजले आणि ती आलीच. चालत नाही, पळत. लोक ओट्यांवरनं उठले. मागं पुतण्यानं मोटारसायकल भिंतीला लावून टाकलेली दिसली. मी घाबरून जरा वेग वाढवला, म्हटलं म्हैस गाडीवर येते की काय, आणि ओरडलो, आप्पा, हाळी द्या, हाळी द्या, थांबेल ती.

आप्पांनी हाळी दिली नाही. मला वाटलं काही झालं त्यांना. मी पुन्हा हाक मारली. तेव्हा कुठं मागनं आवाज आला, आणि मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता.

"इतकी वर्सं माझ्या मागनं पळत आली ही. मी फुडं बगून गाडी हाकत हुतो. हिला पळताना मी कवा बगितलीच न्हाय की रं."

मग म्हणाले, हळू घे. मी घेतली. आरशात ते तसेच दिसत होते, पाठमोरे, विभूतीचं कपाळ मला न दिसणारं, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि समोर तोंडाला फेस आलेली, पिसं उडवत येणारी त्यांची म्हैस.